घरी लहान मुलांसोबत चित्रं, माती, कागद: काय द्यायचं आणि आपण कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगा साडेतीन वर्षांचा, घर वन बीएचके, तुम्ही दोघं नोकरीवाले, दिवसा घरी आजी असते, पण तिला हे नवीन प्रकार जमत नाहीत. मोबाईलवर बघून रविवारी पेपर प्लेटचा सिंह करायला बसवलंत, तो पाच मिनिटांत उठून गेला, उरलेला सिंह तुम्हीच पूर्ण केलात. आता वाटतंय की याला चित्रकलेची आवडच नाही का, नुसता गिरगटत बसतो, क्लास लावू का, एका वेळी किती वेळ बसला पाहिजे, आणि घरात पसारा न होता काय काय करून घेता येईल. मी बरीच वर्षं बालवाडी चालवते, हे प्रश्न दर वर्षी जून-जुलैमध्ये पालक विचारतातच, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी त्या सिंहाबद्दल. साडेतीन वर्षांच्या मुलाला प्लेट रंगव, मग ती वाळू दे, मग कडेने कागदाच्या पट्ट्या काप, त्या चिकटव, मग डोळे लाव असं सात-आठ पायऱ्यांचं काम झेपत नाही, कारण शेवटी काय दिसणार आहे ते चित्र त्याच्या डोक्यात नाहीये, ते तुमच्या डोक्यात आहे. तो पाच मिनिटं बसला ना, त्या पाच मिनिटांत त्याने काय केलं ते आठवून बघा. बहुतेक गोंदात बोट घालून बघितलं असेल, बोटं एकमेकांना चिकटवून सोडवली असतील. तर त्याला त्या दिवशी गोंद पाहिजे होता, सिंह नको होता. पुढच्या वेळी फक्त गोंद आणि फाडायला कागद द्या, बघा किती वेळ बसतो ते. मी जे काही पुढे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, की सामान आणि वेळ आपण द्यायचा आणि काय बनवायचं ते त्याने ठरवायचं, आणि काहीच बनलं नाही तरी चालतं.

गिरगटण्याबद्दल म्हणाल तर ते अजिबात वाया जात नसतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षणातले मोठे अभ्यासक होते, त्यांनी साधारण दोन ते चार वर्षं हा गिरगटण्याचाच काळ मानलाय. अमेरिकेतल्या ऱ्होडा केलॉग यांनी जगभरातल्या लहान मुलांची चित्रं जमवली आणि त्यात २० मूळ प्रकारच्या रेघोट्या शोधून काढल्या, ठिपके, आडव्या, उभ्या, तिरक्या, गुंडाळी, बंद गोल वगैरे. म्हणजे आपल्याला जो नुसता गुंता दिसतो त्यातही क्रम असतो. साधारण दोनला मूल उभी रेघ बघून काढतं, तीनच्या आसपास गोल बंद करायला जमतो, चारपर्यंत अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या पुढेमागे. मग एक दिवस त्या गोलाला दोन डोळे येतात आणि खालून थेट दोन पाय फुटतात, पोट नाही, मान नाही, आणि ते म्हणजे बाबा. प्रत्येक मुलाचं थोडं मागेपुढे होतं. आणि आपल्या देवनागरीत तर बघा ना, ठ, व, ट, अ, ळ सगळीकडे गोलाई आणि वळणं. ज्या मुलाने मनसोक्त गोल गोल फिरवलंय त्याचा हात पुढे अक्षराला अडत नाही, हे मी वर्गात नेहमी बघते. अक्षरं गिरवून घेण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी हेच सांगते की अजून वर्षभर मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरू दे, मग बोटं आपोआप येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड, नमुना काढून दाखवू नका. मुलं म्हणतात "आई तू मांजर काढून दे", आपण काढून देतो, ते खूश होतं, आपणही खूश. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः काढायला बसतं आणि तुमच्या मांजरासारखं होत नाही म्हणून पेन्सिल टाकून देतं, आणि मग "मला नाही येत" सुरू होतं. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी "मला चित्र येत नाही" हे वाक्य ऐकलं ना की मला फार वाईट वाटतं, कारण ते त्याला कोणीतरी नकळत शिकवलेलं असतं. मग मागितलं तर काय करायचं? बोलायचं. मांजराला काय काय असतं रे? कान कुठे असतात, वर की बाजूला? तुझे कान कुठे आहेत, हात लावून बघ. मिश्या किती असतात? खाली पार्किंगमधली मांजर बसते कशी ते बघून येऊया का? एवढं झालं की ते दोन रेघा ओढतं आणि म्हणतं ही मिशी. झालं मांजर. तुम्हाला त्याच्यासोबत बसून काढायचं असेल तर जरूर काढा, पण स्वतःच्या वेगळ्या कागदावर, आणि मांजर-घर-झाड नको, नक्षी काढा, ठिपके काढा, रंगांचे पट्टे काढा, म्हणजे कॉपी करायला काही उरत नाही आणि आईसुद्धा हे करते एवढं त्याला दिसतं.

रंगवायच्या पुस्तकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पाच वर्षांच्या आत त्यांची गरज नाही. प्रवासात, दवाखान्यात वाट बघताना एखादं दिलं तर हरकत नाही. पण रोजचं काम म्हणून नको. दुसऱ्या कोणीतरी काढलेल्या हत्तीच्या आत रंग भरणं, बाहेर गेला की "अरे बाहेर गेलं बघ" ऐकणं, यात मुलाचं स्वतःचं असं काही नसतं.

एक उदाहरण सांगते. वर्गात एका मुलाने घर काढलं होतं, खिडकी, टीव्ही, टीव्हीसमोर आजी, अगदी ओळखू येईल असं. आणि मग त्याने काळा खडू घेतला आणि त्या सगळ्यावरून जोर लावून पूर्ण काळं करून टाकलं. त्याला न्यायला आलेल्या मावशी हळहळल्या, "अरे किती छान काढलं होतं, घाण केलंस." तो शांतपणे म्हणाला, "लाईट गेली." तो चित्र बिघडवत नव्हता, त्याची गोष्ट पुढे गेली होती. म्हणून मधे बोलायचं नाही, मधे कागद काढून घ्यायचा नाही, आणि झाल्यावर "हे काय काढलंस?" असं विचारण्याऐवजी "सांग ना मला याबद्दल" असं म्हणायचं, कारण बऱ्याचदा ते काहीच नसतं, नुसता हात फिरवायचा आनंद असतो, आणि आपण विचारलं की मूल काहीतरी उत्तर बनवून देतं. सारखं "व्वा छान, सुंदर" म्हणण्यापेक्षा दिसतंय ते बोला, "इथे खूप दाबून रंगवलंस", "हा पिवळा पार कडेपर्यंत गेला". तुम्ही खरंच बघितलंय हे त्याला कळतं.

आता जागा आणि पसारा. वन बीएचकेमध्ये सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंगकाम आंघोळीच्या आधी ठेवायचं. बनियन-चड्डीवर बसवायचं, खाली जुनी चादर किंवा फ्लेक्सचा तुकडा, आणि झालं की उचलून थेट मोरीत. पसाऱ्याचा निम्मा ताण इथेच संपतो. नोकरीच्या दिवशी सकाळी हे शक्य नाही हे मला माहितीये, त्या दिवशी आजींकडे फक्त खडू आणि कागद द्यायचे, रंग-पाणी-माती शनिवार-रविवार. आणि जागा एकच ठरवून टाका, रोज त्याच कोपऱ्यात तीच चादर अंथरली की मुलाला कळतं रंग इथेच.

बिनपसाऱ्याचं हवंच असेल तर पाण्याने रंगवणं. बाल्कनीत किंवा गच्चीत शहाबादी फरशी असेल तर एक डबा पाणी आणि रंगाऱ्याचा एक-दीड इंची ब्रश द्या, ओली फरशी काळपट दिसते, चित्र उमटतं, उन्हाने वाळून जातं, परत काढायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी अर्धा तास मुलं यात रमतात आणि नंतर पुसायलाही काही नसतं.

कागदावर पैसे घालवू नका. ऑफिसचे पाठकोरे कागद आणा, कुरियरची खोकी उलगडून आतली बाजू वापरा, लग्नपत्रिका जाड असतात त्या चिकटकामाला उत्तम, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा तर फारच छान. फक्त लहान मुलाला छोटा कागद देऊ नका, त्याचा हात मोठा फिरतो, ए फोरचे दोन-चार कागद मागून टेपने जोडून द्या आणि जमिनीवर किंवा कपाटाच्या दारावर त्याच्या उंचीला चिकटवा. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आणि खांदा दोन्हीला चांगलं काम मिळतं.

रंगात सुरुवातीला जाड मेणखडू आणि ऑइल पेस्टल. ऑइल पेस्टलचा फायदा हा की कमी जोर लावूनही रंग ठसठशीत उमटतो, तीन वर्षांच्या मुलाला ते आवडतं. खडू तुटले तर फेकू नका, उलट मी मुद्दाम तोडूनच देते, कारण इंचभर तुकडा मुठीत धरता येत नाही, आपोआप अंगठा आणि दोन बोटांत धरला जातो. पेन्सिल कशी धरायची हे वेगळं शिकवावं लागत नाही मग. २४ रंगांची पेटी एकदम समोर ठेवण्यापेक्षा तीन-चार रंग द्या. पोस्टर कलरमध्ये नुसता लाल, पिवळा, निळा दिला तरी पुरतो, हिरवा कसा झाला ते त्याचं त्याला सापडू दे, तुम्ही आधी सांगून टाकू नका. शेवटी सगळं मिसळून मातकट होणारच, होऊ दे. स्केचपेन मी चारच्या आत टाळते, टोकं आत जातात, टोपणं हरवतात, आणि हलकं दाबलं काय नि जोरात दाबलं काय रेघ सारखीच येते.

ब्रश मोठाच हवा. आणि ब्रश नसला तरी कापूस, जुना टूथब्रश, चिंधीची पुरचुंडी, दोरी, काडी, काहीही चालतं. डहाणू-तलासरीकडचे वारली कलाकार गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढतात ते बांबूची काडी टोकाला चावून, तिचे तंतू सुटे करून. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. घरी हे सहज होतं. खाकी कागद किंवा पुठ्ठ्याला गेरू पाण्यात कालवून फासायचा, वाळवायचा, आणि वाटीभर तांदळाच्या पिठाची सरसरीत पेस्ट देऊन टाकायची. वारलीच काढ, त्रिकोणाची माणसंच काढ असं म्हणू नका, पांढरा रंग लाल मातीवर कसा उठून दिसतो हे बघण्यातच मुलाचा पहिला तास जातो.

ठसेकामासाठी बाजारातले ठसे आणायची गरजच नाही. भेंडीचं देठ कापलं की पाच पाकळ्यांचं फूल, कारल्याची चकती दातेरी, कांदा अर्धा कापला की वर्तुळात वर्तुळं. एक छोटी युक्ती सांगते, भाजी कापल्यावर फडक्याने टिपून कोरडी करा, कांदा-बटाटा तर पंधरा मिनिटं उलटा ठेवा, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो आणि नुसता डाग उमटतो. आणि रंग वाटीत देऊ नका, ताटलीत ओल्या फडक्याची चौपदरी घडी ठेवून त्यावर रंग ओता, त्याचं स्टॅम्प पॅड होतं. पानाचा ठसा घ्यायचा तर शिरांच्या बाजूला रंग लावायचा. आणि रंगाशिवायही पान उमटतं, पान शिरांची बाजू वर करून ठेवा, वर पातळ कागद, आणि खडूचं वेष्टण काढून खडू आडवा फिरवा. सगळ्या शिरा हळूहळू वर येतात, मुलं अक्षरशः श्वास रोखून बघतात.

हळदीचा प्रयोग मात्र नक्की करा. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून कागदाला फासा, वाळू द्या, भुकटी झटका. पिवळाधमक कागद तयार. आता अंगाच्या साबणाची वडी थोड्या पाण्यात घोळवा आणि त्या पाण्यात कापसाची काडी बुडवून मुलाला कागदावर काढू द्या, जिथे काडी लागेल तिथे लालभडक रेघ उमटते. हळद आम्लात पिवळी राहते आणि अल्कलीत लाल होते, साबण अल्कली आहे. लिंबू लावलं की परत पिवळी. पूर्वी हळदीपासूनच कुंकू करायचे ते याच गुणावर. चुन्यानेही हे होतं पण घरी लहान मुलासमोर चुना आणूच नका, डोळ्यात गेला तर फार गंभीर इजा होते, त्या पुड्या आणि ट्यूब मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवूही नका. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात कुस्करली तर निळं पाणी होतं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी. जास्वंदीची पाकळी नुसती कागदावर घासली तरी जांभळट रंग येतो. आणि हळदीचे कपड्यावरचे डाग, जे तुम्ही आता मनात म्हणताय, ते साबणाने धुवून कडक उन्हात टाका. आधी लाल होतील, घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात विटतो, दोन-तीन उन्हांत बराचसा जातो.

चिकटकामासाठी खळ करा. तीन मोठे चमचे मैदा, एक कप गार पाणी, गुठळ्या मोडून मग मंद गॅसवर सतत ढवळायचं, पांढरट दिसणारं मिश्रण थोडं पारदर्शक आणि घट्ट झालं की उतरवायचं. गार झालं की अजून घट्ट होतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. आजींना ही खळ माहितीच असेल, पतंगाला, वह्यांच्या कव्हरला हीच लावायचे. फक्त एक, पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. खळ बोटाने लावू द्या. कागद कात्रीने कापून न देता फाडू द्या, वर्तमानपत्र, पतंगाचा कागद, घोटीव कागद, प्रत्येकाचा फाटताना आवाज वेगळा, जोर वेगळा. फाडणं हे दोन्ही हातांनी एकमेकांविरुद्ध करायचं काम आहे, कात्रीची पूर्वतयारी तीच.

कात्री तीननंतर, गोल टोकाची पण धातूच्या पात्याची. त्या पूर्ण प्लास्टिकच्या कात्र्यांनी कागद कापला जात नाही, दुमडतो, आणि मूल वैतागतं. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या जाडसर पट्ट्या द्या, एका चापात तुकडा पडला पाहिजे. पत्रिकेच्या कागदाच्या अशा पट्ट्या कापून तुकड्यांचा ढीग करणं हेच काम. सरळ रेघेवर कापणं चारच्या पुढेमागे, गोल कापणं पाचच्या. अंगठा वर राहील एवढंच बघा. मूल डावखुरं वाटत असेल तर हात बदलायला लावू नका, आजींनाही समजावून सांगा, आणि डावखुऱ्यांची कात्री मिळते ती आणा.

मातीबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी काहीतरी मळायला, थापटायला, तोडायला मिळालंच पाहिजे, चित्रापेक्षाही आधी. सगळ्यात सोपं म्हणजे पोळ्यांच्या वेळी कणकेचा गोळा, तो तर आजी देतच असतील. टिकाऊ पाहिजे तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस, सगळं कढईत एकत्र करून मंद आचेवर ढवळायचं, कडा सोडून गोळा झाला की उतरवून कोमट असताना मळायचं. रंग हवा तर खाण्याचा रंग पाण्यातच घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस सहज राहतं, पावसाळ्यात मात्र बाहेर राहिलं की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा पाझरायला लागतो, तेव्हा थोडा कोरडा मैदा लावून मळा. यात मीठ भरपूर आहे, त्यामुळे खाऊ देऊ नका, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

खरी मजा शाडूत आहे. गणपतीच्या आधी बाजारात मिळते तेव्हा दोन-तीन किलो जास्त घेऊन ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत राहते, वाळली तर पाण्यात भिजवली की परत मऊ. साचा देऊ नका. साप, गोळे, पोळी, चूल, घरटं, अंडी हे मुलं स्वतःच करतात, पोळ्याच्या सुमारास बैल येतात. हात धुताना मातीचं पाणी बेसिनमध्ये नको, पाइप तुंबतो. बादलीत धुवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि माती परत वापरायची. आणि दिवाळीत किल्ला. फ्लॅट आहे म्हणून सोडू नका, मोठ्या परातीत होतो. दोन-चार दगड किंवा विटेचे तुकडे, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, आणि ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, हळीव तर दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आठवड्याच्या आत किल्ला हिरवा होतो. तयार मावळे आणा पण दोन-तीन त्याच्या हातचेही उभे राहू देत, वाकडे असले तरी.

आजींचा उल्लेख तुम्ही अडचण असल्यासारखा केलाय, की त्यांना हे नवीन प्रकार जमत नाहीत. मला तर उलट वाटतं की तुमच्या घरातला सगळ्यात चांगला कलाशिक्षक त्याच आहेत. फुलवाती वळणं, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करणं, जाड बोथट सुईने फुलं ओवणं, मटार सोलणं, चिमटीने तांदळाच्या पिठाची रांगोळी सोडणं, हे सगळं बोटांचं कामच आहे. रांगोळीची पूड मात्र लहान मुलाला नको, ती दगडाची असते, डोळ्यात नाकात जाते, पीठच द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडी परदेशी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती अशा आसपासच्या वस्तूंची साधनं केली. आजही चांगल्या बालवाडीत तेच दिसतं. तुमच्या आजींना फक्त एवढंच सांगा की "सूर्य निळा नसतो रे" असं दुरुस्त करायचं नाही. रंग चुकला असं या वयात नसतंच.

धोक्याच्या काही गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. तीनच्या आतल्या मुलाला मणी, बटणं, चिकटवायचे डोळे, थर्माकोलचे गोळे, सुटी कडधान्यं देऊ नका, नाकात घातलेला हरभरा ओला होऊन फुगतो. तीनच्या वरच्या मुलांनाही आपण समोर बसूनच द्यायचं. कच्चा राजमा चघळू देऊ नका. गुंज, ती लाल-काळी सुंदर बी, सजावटीला कोणी आणून दिली तर घरातच ठेवू नका, चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. पानाफुलांच्या कामात कण्हेर, रुई, धोत्रा टाळा, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बटण सेलवाली, चुंबकाची खेळणी फोडून त्यातल्या वस्तू क्राफ्टमध्ये वापरायचा मोह होतो, तेही नको, गिळले तर आतड्याला, अन्ननलिकेला इजा होते. होळीचे रंग, साधं कुंकू, झटपट चिकटणारा डिंक, हेही बाद. चमकी (ग्लिटर) तर महिनोन्महिने घरभर सापडते आणि डोळ्यात जाते, त्यापेक्षा रंगवलेला लाकडाचा भुसा वापरा.

किती वेळ बसला पाहिजे असं विचारलंत. पाच-दहा मिनिटं म्हणजे चांगलंच. उठून गेला आणि परत आला तर तेही चांगलं, म्हणून लगेच आवरू नका. एका वेळी एकच सामान बाहेर, आठवडाभर तेच. रोज नवीन ॲक्टिव्हिटी शोधायची धडपड पालकांची असते, मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असते, पहिल्या दिवशी तो भेंडी रंगात बुडवून नुसता वास घेईल, चौथ्या दिवशी ओळीने ठसे उमटवेल. तो चौथा दिवस यायला पहिले तीन जाऊ द्यावे लागतात.

भिंतीचं म्हणाल तर ती रंगणारच. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन हलकं घासलं की खडू निघतो, डिस्टेंपर असेल तर खडूसोबत भिंतीचा रंगही येतो, तेव्हा तिथे आधीच खाली तीन फुटांपर्यंत खाकी कागद लावून टाका आणि "इथे काढायचं" असं सांगा. झालेली चित्रं सगळी ठेवता येत नाहीत. महिन्याला दोन-तीन ठेवा, मागे तारीख आणि त्याने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, बाकीच्यांचे फोटो काढा आणि ते कागद भेटवस्तूचं वेष्टण म्हणून वापरा. मुलासमोर कचऱ्यात टाकू नका.

आणि क्लास. आत्ता नको. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांचे जे क्लास असतात त्यातले बरेचसे फळ्यावर डोंगर-सूर्य-नदी काढून सगळ्यांकडून तेच काढून घेतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा तर शाळेच्या वरच्या वर्गांत, त्याची आत्तापासून तयारी नसते. सहा-सातनंतर त्याने स्वतः मागितलं तर बघा, आणि लावण्याआधी एक तास तिथे मागे बसून या. तास संपल्यावर भिंतीवर वीस चित्रं एकसारखी दिसली तर दुसरा क्लास शोधा. या शनिवारी फक्त खळ करा आणि जुनं वर्तमानपत्र द्या.